पटण्याजोगं जनावर

लाल लोकरीचे गुंडे घरात आले की मला राग येतो. दसरा झाला की बियाणं कंपनीचा माणूस मोटरसायकलवर येतो, पिशवीतून चिमटे, बोटभर डब्या आणि लोकरीचे गुंडे काढून ओट्यावर मांडतो, चहा पितो आणि निघून जातो. मग मी दोरे कापायला बसते. बोटाएवढे तुकडे, टोपलीभर. कापता कापता कात्री जरा जास्तच जोरानं चालायला लागते. आमचे सर, म्हणजे माझे यजमान, मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवतात. सकाळच्या बसला निघताना ते थबकतात आणि विचारतात, "लोकरीनं काय घोडं मारलं तुझं?" लोकरीनं काही केलेलं नाही. लोकर गरीब आहे.

सुलतानपूरला आमचं अर्ध्या एकराचं शेडनेट आहे. त्यात मिरची असते, पण खायची नाही, बियाण्याची. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना आधी सांगते, कारण माझं सगळं भांडण याच कामावर उभं आहे. उद्या उमलणारी कळी आज ओळखायची आणि चिमट्यानं अलगद उघडून तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या जातीच्या फुलांचे पराग डबीतून घेऊन तिला लावायचे आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खूण, की हे फळ आपण धरवलं. पण झाड काही आपल्या हुकमात नसतं. एखादी कळी नजरेतून सुटते आणि आपली आपणच फळ धरून बसते. ते फळही तसंच हिरवं, तसंच तुकतुकीत, कधी कधी तर दोरेवाल्यापेक्षा देखणं. ते तोडायचं. त्याचं बी मिसळलं की सगळा माल नापास होतो. दोन महिने बारा बाया ओळींमधून वाकून हेच करतात, आणि त्यांची नजर अशी तयार होते की शंभर फळांत बिनदोऱ्याचं एक असलं तरी हात आधी तिकडेच जातो.

त्या बायांची मुकादम पारूकाकू. बीबी गावची लेक, सुलतानपूरची सून, दुसरी इयत्ता शिकलेल्या. तंबाखूची सवय आहे, पण तंबाखूचा हात मिरचीला लागला तर झाडाला रोग येतो, म्हणून त्यांची चंची नेटच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असते. आत जाताना त्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतात. इतके स्वच्छ हात घेऊन देवाजवळही कुणी जात नसेल.

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात मी एक कादंबरी लिहीत होते आणि तिच्यात ड्रॅगन होते. हसायचं असेल तर हसून घ्या, माझ्या सासरचे सगळे हसून झालेत. प्रश्न साधा होता. दीडशे वर्षांपूर्वी कापसासाठी गोरे साहेब वऱ्हाडात उतरले, तेव्हा इथे आग ओकणारी, पंखांची जनावरं असती, आणि ती इथल्या बायांच्या हाताखाली असती, तर पुढचा इतिहास कसा झाला असता? गिरजा नावाची एक बाई या जनावरांची मुख्य राखणदार. तिनं साहेबाला कापसाच्या गाड्यांसकट परत पाठवलं, अशी सगळी गोष्ट.

दुपारी बाया निंबाखाली भाकरी सोडायच्या तेव्हा मी वही उघडायचे. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत वाचलं, की लोणारच्या विवरात ते प्रचंड जनावर उतरलं आणि त्यानं हिरव्या तळ्याच्या पाण्याला तोंड लावलं. वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं होतं की मी वाचून थांबले. पारूकाकूंनी घास तसाच हातात ठेवला.

"तळ्यातलं पाणी पेलं त्यानं?"

"हो."

"कोणतं जनावर पेते ते पाणी? म्हैस नेऊन पाह्य एकदा. साबणासारखं लागते. हुंगते आन् माघारी फिरते."

"काकू, हे कल्पनेतलं जनावर आहे."

"मंग कल्पनेतल्याले तहान लागत नाही का?" काकूंनी घास तोंडात टाकला. "धारेवर पाज त्याले. तिथं गोड पाणी पडते."

मी वही मिटली. खरं सांगायचं तर तेव्हा मला काकूंचाच राग आला होता. घरी येऊन आठवून पाहिलं तर लोणारच्या काठावर मी बारा-पंधरा वेळा तरी गेलेली, धारेखाली, म्हणजे काठावरून बारमाही पडणाऱ्या गोड्या झऱ्याखाली, हात धुतलेले, आणि तरी जनावराला पाणी पाजायची वेळ आली तेव्हा मी ते खाऱ्या तळ्यावर नेलं, कारण चित्र छान दिसत होतं. दिसायला छान आणि आतून खोटं. माझ्याच वहीत बिनदोऱ्याचं फळ लागलं होतं आणि मी त्याला कुरवाळत बसले होते.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी आजही माझं खरं शिक्षण समजते. बायांनी त्या जनावराला पिंजून काढलं. रोज एक नवा प्रश्न. ते खाते काय, आणि रोज एक बोकड खात असेल तर गावात बोकड उरतील कसे? त्याचं शेण उचलते कोण, आणि ते वाळलं की चुलीत घालता येते का? एका तरण्या सुनेनं विचारलं, बाळंत बाई त्याच्याजवळ जाते का. आणि सगळ्यात मोठा प्रश्न काकूंचा: "कपाशीचा मुलूख हाय आपला. वेचणीच्या दिवसांत घराघरात कापूस पडलेला रायते. तिथं आग ओकणारं जनावर ठेवीन कोण?"

 दोन दिवस मी मिरचीच्या ओळीत चिमटा घेऊन तोच विचार करत होते. मग सुचलं, की वेचणी सुरू झाली की जनावरं पैनगंगेच्या पलीकडे न्यायची आणि शेवटचा कापूस गावाबाहेर गेला की परत आणायची. गावाची रीतच तशी. आणि ज्या वेळी जनावरं नदीपलीकडे असतात, नेमक्या त्याच वेळी साहेब येतो. माझ्या कादंबरीचा कणा मला असा मिळाला. ते जनावर हवेत कसं उडेल, हे आमच्या सरांनी कागदावर वजन आणि पंख मांडून पाहिलं आणि मान हलवली. म्हणून माझी जनावरं उडत नाहीत. विवराच्या काठावरून झेप घेतात आणि वाऱ्यावर तरंगत खाली येतात, आणि वर चढताना घोरपडीसारखी धापा टाकत चढतात.

त्याचं नावही काकूंनीच काढून टाकलं. मी भारी भारी नावं शोधत होते. काकू म्हणाल्या, "नाव काऊन घ्याचं त्याचं? सापाचं तरी आपण नाव घेतो का? जनावर म्हनाचं." तेव्हापासून कादंबरीतलं कुणीच त्याचं नाव घेत नाही. सगळे जनावरच म्हणतात, आणि भीती आपोआप आली.

तो हंगाम मला वासासकट आठवतो. नेटमधला कोंडलेला हिरवा उजेड, ओल्या मातीचा आणि मिरचीच्या पानांचा उग्र वास, बाहेर तुरीच्या फुलांवरून येणारा वारा, ठेच्यानं झणझणलेली जीभ आणि बारा बायांचे बारा प्रश्न. थंडीत सकाळी चिमटा धरताना बोटं वळायची नाहीत. लाल दोरे वाढत जायचे. महिन्याभरात सगळं शेत लाल ठिपक्यांचं झालं, आणि माझ्या वहीतल्या जनावराला तहान, भूक, शेण, सुतक आणि सोयर सगळं मिळालं. आयुष्यात इतकी आनंदात मी क्वचितच असेन.

कादंबरी पुरी झाली तशी मी ती पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली, आणि तिथल्या संपादकांचा फोन आला. मी नेटच्या दाराशी उभी राहून बोलले. त्यांचा आवाज मऊ होता. हे मुद्दाम सांगते, कारण ते गृहस्थ उद्धट असते तर मला सोपं गेलं असतं.

"सुनंदाताई, ड्रॅगन फार सुरेख जमलेत. अगदी डोळ्यांसमोर उभे राहतात. फक्त गिरजा पटत नाही."

"काय पटत नाही?"

"म्हणजे एवढी सामर्थ्यवान स्त्री, इंग्रज अधिकाऱ्यासमोर उभी राहते, आणि म्हणते, 'तू काऊन आला बे?' वाचक तिथे अडखळतो हो. भारदस्तपणा जातो. भाषा जरा प्रमाण करू या."

मी म्हणाले, तिची भाषा तीच आहे. ते म्हणाले, अगदी मान्य, बोली जपलीच पाहिजे, आणि म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. गिरजाचा एक गडी होता, साधा, थोडा भित्रा. त्याच्या तोंडी वऱ्हाडी ठेवायची. "वाचकांना गंमत वाटेल," ते म्हणाले.

आणखीही दोन गोष्टी होत्या. जनावर धारेवर पाणी पितं, त्यापेक्षा तळ्यावर प्यायलं तर दृश्य भव्य होईल. आणि माझ्या कादंबरीत साहेब माघारी गेल्यामुळे या भागात रेल्वे येत नाही, तेही त्यांना खटकत होतं. इतक्या कापसाच्या मुलखात रेल्वे आलीच नाही, हे वाचकाला पटणार नाही.

"अहो," मी म्हणाले, "मेहकरला अजून रेल्वे नाही. लोणारला नाही. माझे यजमान आत्ता बसची वाट बघत उभे असतील."

"असं? बरं, पण कादंबरीत ते पटायला हवं ना."

या वाक्याचा राग तीन वर्षं झाली तरी माझ्या पोटातून गेलेला नाही. दोन हत्तींएवढं, आग ओकणारं, सरपटणारं जनावर त्यांना पटतं. ते विवराच्या काठावरून झेप घेतं, ते पटतं. त्याच्या पाठीवर बाई बसते, तेही पटतं. पण ती बाई तोंड उघडून तिच्या आईची भाषा बोलली की लगेच पटेनासं होतं. जे कधीच नव्हतं त्यावर विश्वास ठेवायला ही माणसं एका पायावर तयार असतात, आणि जे रोज सकाळी मोंढ्यात, दवाखान्यात, बसस्टँडवर त्यांच्याच राज्यात बोललं जातं त्याचा मात्र त्यांना पुरावा लागतो. आणि वर आमचं वास्तवच अवास्तव ठरतं. ड्रॅगन नसतानाही आमच्याकडे रेल्वे आली नाही, हे यांना कुणी पटवून द्यायचं?

परक्या देशांतल्या अशा जनावरांच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या आहेत. शहरं जळतात, राजे मरतात, आणि दुसऱ्या दिवशी मेजवानी असते. शिवारं जळाली तर मेजवानीचं धान्य आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. तिथे सगळं पटतं. पटण्याचं हे माप कोण ठरवतं? माझ्याकडे बारा बाया होत्या, ज्यांनी त्या जनावराला शेणापासून तपासलं होतं. त्यांच्यातल्या एकीनंही विचारलं नाही, की गिरजा अशी काऊन बोलते.

आता जे सांगते ते सांगायला मला आवडत नाही. मी ऐकलं. त्या मऊ आवाजाचं मी ऐकलं. मला पुस्तकावर माझं नाव छापलेलं बघायचं होतं, पंधरा वर्षं बघायचं होतं. नऊ दिवसांत मी गिरजाची भाषा धुऊन काढली. "तू काऊन आला बे" याचं "आपण इथे कोणत्या अधिकारानं आलात" झालं. गड्याला वऱ्हाडी दिली, दोन विनोदही दिले. जनावराला पुन्हा तळ्यावर नेलं. रेल्वे आली नाही हे वाक्य काढून टाकलं. महिन्याभरानं छापायच्या आधीचे कागद कुरियरनं मेहकरला आले, सरांनी बसमधून मांडीवर धरून आणले. शेवटचं बघा आणि सोमवारपर्यंत होकार कळवा, अशी वर चिठ्ठी होती. छपाईची पानं, आकडे टाकलेली, पहिल्या पानावर माझं नाव. मी त्या नावावर हात फिरवला, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. हंगामाचे शेवटचे दिवस, फळं पिकायला लागलेली. निंबाखाली मी ती पानं घेऊन बसले आणि गिरजा साहेबासमोर उभी राहते तो भाग वाचला. गड्याच्या पहिल्या वाक्याला दोघी-तिघी हसल्या. दुसऱ्या वाक्याला एकच हसली. तिसऱ्याला कुणी हसलं नाही. मी वाचतच राहिले, कारण थांबायचं धाडस नव्हतं.

वाचून झालं तेव्हा काकूंनी विचारलं, "गिरजा आजारी हाय का?"

"काऊन?" माझ्या तोंडून गेलं.

"बँकेतल्या बाईसारखी बोलून राह्यली." काकूंनी पदराला हात पुसले. "आन् त्या भेदरट गड्याले आमची बोली देली तुनं. मंग आमी बी तशाच का, सुनंदे?"

 ती तरणी सून डब्याचं झाकण लावत बसली, लागत असूनही पुन्हा पुन्हा लावत बसली. मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. या बायांनी दोन महिने माझ्या जनावराला खाऊ-पिऊ घातलं होतं, आणि मी त्यांना त्यांच्याच गोष्टीत हसण्याचा विषय करून ठेवलं होतं. संपादकांनी सुचवलं होतं, पण लिहिलं माझ्या हातानं.

काकू उठल्या. हात धुवायला जाताना माझ्या मांडीवरच्या कागदांकडे बोट करून म्हणाल्या, "दोरा नाही याले." आणि नेटमध्ये गेल्या.

त्या दुपारी मी कामाला गेले नाही. ओट्यावर बसून लाल पेन घेऊन पान पान पाहिलं, जसं ओळ ओळ बघतात तसं. जिथे जिथे माझं नव्हतं तिथे तोडलं. "आपण कोणत्या अधिकारानं" तोडलं. गड्याचे विनोद तोडले. तळं तोडलं, धार परत आणली. रेल्वे आली नाही हे वाक्य परत घातलं, जशी ती इथे नाहीच. काही वाक्यं छान होती, खरंच छान होती, तोडताना हात अडला. पण तीच तर आधी तोडायची असतात. संध्याकाळी सर आले, त्यांनी लाल झालेली पानं पाहिली आणि विचारलं, "मग पुस्तक?" मी म्हणाले, असंच छापा म्हणून कळवते.  त्या दिवशीचा चहा त्यांनी केला.

पानांचे फोटो मोबाईलवर पाठवले, आणि सोमवारी संपादकांचा निरोप आला. त्याच मऊ सुरात. भावना समजते, पण या रूपात पुस्तक करणं आम्हाला शक्य नाही, लेखन जपून ठेवा, पुढे कधी पाहू. मी जपून ठेवलंय. बियाण्याच्या कापडी पिशवीत, कोरड्या जागी, डांबराच्या दोन गोळ्या घालून. मधल्या काळात आणखी दोन ठिकाणी पाठवलं. एकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांनी विचारलं, शेवटी शब्दार्थ देता येतील का. मले, तुले आणि काऊन यांचे शब्दार्थ. मी त्यांना काय उत्तर लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

म्हणून लोकरीचे गुंडे आले की मला राग येतो. तो मी शांत करत नाही, त्याची मला गरज आहे. पुस्तक आलं नाही याचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही. आहे, चांगलं ठसठसणारं आहे. एखाद्याच्या हातात अशा गोष्टींचं जाडजूड पुस्तक दिसलं की अजून जळजळतं. पण ती नऊ दिवसांची धुलाई आठवली की दुःखाला पाठीचा कणा येतो.

यंदाही पाऊस लांबला, मिरची उशिरा बसली, आणि काम आत्ता कुठे रंगात आलंय. काकूंना चिमट्याचं टोक नीट दिसत नाही, कंपनीच्या माणसानं एक भिंग दिलंय, ते त्या गळ्यात अडकवून फिरतात. दुपारी निंबाखाली मी ती कापडी पिशवी उघडते आणि लाल पेनानं तोडलेली तीच पानं वाचते. यंदा तिसऱ्यांदा. बायांना गोष्ट पाठ आहे. मी एखादं वाक्य गाळलं तर टोकतात.

परवा एक नवी बाई कामावर आली. गावात नवीनच लग्न होऊन आलेली, मेहकरकडची. तिनं पहिल्यांदाच गोष्ट ऐकली. गिरजा साहेबाला म्हणाली, "तू काऊन आला बे," तेव्हा ती खुदकन हसली नाही की दचकली नाही, तिनं फक्त भाकरी खाली ठेवली आणि पुढे सरकून बसली. वाचन संपल्यावर सगळ्या हात धुवायला उठल्या, तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, असं जनावर खरंच होतं का हो इकडं?"

मी सांगणार होते, नाही गं, ही सगळी कल्पना आहे. तोंड उघडलंही होतं. त्याआधी साबणाच्या फेसातले हात तसेच धरून पारूकाकू वळल्या.

"व्हतं म्हंजे?" त्या म्हणाल्या. "धारेवर येत व्हतं पाणी प्याले. खाऱ्या पाण्याले तोंड लावत नव्हतं ते."